गुडघेदुखीत सुधारणा मोजायची कशी? भरवशाचं मोजमाप निवडण्याची पद्धत

‘रुपयात बारा आणे फरक आहे, डॉक्टर.’ आपल्याकडच्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं. आपण केसपेपरवर ‘सुधारणा आहे, उपचार तेच चालू’ असं लिहितो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. रुग्ण खोटं बोलत नसतो. पण हे बारा आणे दुखण्याचे, चालण्याचे की रात्रीच्या झोपेचे, ते त्यातून कळत नाही. महिन्याने तोच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला तर आधीच्या उत्तराशी त्याची तुलना करता येत नाही. शिवाय विचारणारा स्वतःच उपचार करणारा असेल, तर भिडेपोटी दोन आणे जास्तच सांगितले जातात.

हा लेख फिजिओथेरपिस्ट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेतलं आहे: गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. कंबर, मान, खांदा किंवा पक्षाघातासाठी प्रश्नावल्या आणि चाचण्या बदलतील, निवडीचा क्रम हाच राहील.

पायरी १: आधी निर्णय ठरवा, मग स्केल शोधा

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कॉलेजात शिकवलेलं किंवा विभागात आधीपासून छापून ठेवलेलं स्केल हातात घेतलं जातं आणि आकडा आल्यावर त्याचं काय करायचं याचा विचार सुरू होतो. म्हणून सुरुवातीलाच एक वाक्य लिहून काढा: ‘या आकड्यावरून मी अमुक ठरवणार आहे.’ पडण्याचा धोका ओळखायचा आहे का? सहा आठवड्यांत फरक पडला का ते पाहायचं आहे का? की शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं का, हे ठरवायचं आहे?

एका कामाला चांगलं असलेलं साधन दुसऱ्या कामाला चालेलच असं नाही. ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी घ्या. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, पद्धतीत वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. धोका हेरायला ती उपयोगी आहे. पण पहिल्याच दिवशी ९ सेकंदांत चाचणी संपवणाऱ्या बाईंची सुधारणा दाखवायला तीत जागाच उरत नाही.

एक्स-रेचंही तसंच. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची ० ते ४ ही श्रेणी झीज किती आहे ते सांगते. व्यायामाने ती खाली येत नाही आणि दुखण्याशी तिचा मेळ सैलच असतो. श्रेणी ४ असून बाजारहाट करणारी माणसं आणि श्रेणी २ असून जिना टाळणारी माणसं दोन्ही आपण पाहतो. उपचारांचा परिणाम मोजायला एक्स-रे वापरू नका.

पायरी २: नक्की काय मोजायचं?

जागतिक आरोग्य संघटनेची २००१ सालची आयसीएफ चौकट इथे फार उपयोगी पडते. शरीराची रचना व कार्य, व्यक्ती करत असलेली कामं आणि समाजजीवनातला सहभाग असे तिचे स्तर आहेत. गुडघ्यापुरतं बोलायचं तर दुखणं, मांडीच्या स्नायूंची ताकद आणि सांध्याची हालचाल पहिल्या स्तरात येतात. जिना चढणं, जमिनीवरून उठणं दुसऱ्यात. भजनी मंडळाला जाणं, शेतावर जाणं, नातवाला शाळेत सोडणं तिसऱ्यात.

आपली सवय पहिल्या स्तरावर थांबण्याची आहे, कारण सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर खिशातच असतो. गुडघा वाकण्याची हालचाल ११० वरून ११५ अंश झाली की आपल्याला बरं वाटतं. एवढा फरक बऱ्याचदा दोन वेळच्या मोजणीतल्या चुकीतच मावतो. आणि तो खरा असला तरी बाईंना देवापुढे बसून उठता येत नसेल तर त्यांच्या लेखी काहीच बदललेलं नाही. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की कुठल्याही रुग्णाचं मोजमाप केवळ पहिल्या स्तरावर संपू नये.

पायरी ३: विचारून मोजायचं की करून घेऊन?

दोन्ही. प्रश्नावली आणि प्रत्यक्ष चाचणी वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. कृत्रिम सांधा बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे ठळक दिसतं: चालण्याचा आणि जिन्याचा वेग शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षाही कमी झालेला असतो, पण दुखणं उतरल्यामुळे प्रश्नावलीत रुग्ण ‘आता पुष्कळ जमतं’ असं सांगतो. केवळ प्रश्नावली वाचली तर ताकदीचे व्यायाम लवकर थांबवण्याची चूक होते.

गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ‘ओआर्सी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली प्रत्यक्ष चाचण्यांचा संच सुचवला. ३० सेकंद खुर्चीतून उठ-बस, ४० मीटर जलद चाल आणि जिन्याची चाचणी या त्यातल्या गाभ्याच्या. टाइम्ड अप अँड गो आणि सहा मिनिटांची चाल या जोडीला. लहान क्लिनिकमध्ये ४० मीटरची जागा नसते, जिना दुसऱ्यांचा असतो. खुर्ची मात्र सगळीकडे असते.

पायरी ४: विश्वसनीयता तपासा, पण योग्य आकडा पाहा

रुग्णात काहीच बदललेलं नसताना पुन्हा मोजल्यावर उत्तर तेच येतं का, ही विश्वसनीयता. शोधनिबंधात ती बहुधा आयसीसी या गुणांकाने दिलेली असते; तो १ च्या जितका जवळ, तितकी विश्वसनीयता जास्त. सर्वसाधारण वाटणीप्रमाणे ०.५ च्या खाली कमकुवत, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगली आणि त्यावर उत्कृष्ट. विद्यार्थी इथेच थांबतात: ‘आयसीसी ०.९० आहे, म्हणजे झालं.’

पण आयसीसी हा गटाचा आकडा आहे. तुमच्यासमोर एकच माणूस बसलेला आहे. त्याच्यासाठी विचारायचं ते असं की मोजमापाच्या चुकीपलीकडचा खरा बदल मानायला किती गुण लागतील? त्याला किमान ओळखता येणारा बदल, म्हणजेच एमडीसी, म्हणतात. निबंधात दिलेला नसेल तर स्वतः काढता येतो.

समजा, १०० गुणांच्या एका प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (रुग्णांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) १५ आहे आणि आयसीसी ०.९०. आधी मोजमापाची प्रमाण त्रुटी काढायची: १ मधून आयसीसी वजा करा, त्याचं वर्गमूळ घ्या, प्रमाण विचलनाने गुणा. म्हणजे ०.१० चं वर्गमूळ ०.३१६, गुणिले १५, बरोबर ४.७. आता ही त्रुटी १.९६ ने आणि २ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.४१ ने, गुणा. उत्तर येतं साधारण १३.

हा आकडा नीट समजून घ्या. ‘उत्कृष्ट’च्या उंबरठ्यावरची विश्वसनीयता असूनही एका रुग्णात १३ गुणांपेक्षा कमी फरक पडला, तर तो खरा आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. आयसीसी ०.९५ असती तर हाच आकडा सुमारे ९ वर आला असता. एकेका रुग्णाचे निर्णय घ्यायचे तर विश्वसनीयता ०.९ च्या वर हवी असं जाणकार सांगतात, ते याचमुळे.

विश्वसनीयतेचा आकडा कुणाचा आहे, हेही वाचा. तोल मोजणाऱ्या बर्ग बॅलन्स स्केलमध्ये १४ कृती आणि एकूण ५६ गुण असतात. वृद्धांमधल्या एका अभ्यासात खरा बदल मानायला लागणारे गुण सुरुवातीच्या पातळीनुसार बदलले: ४५ ते ५६ च्या पट्ट्यात ४, ३५ ते ४४ मध्ये ५, २५ ते ३४ मध्ये ७. म्हणजे एकाच स्केलवरचे ५ गुण एका आजोबांसाठी सुधारणा आहेत, तर दुसऱ्यांसाठी अजून काहीच सिद्ध करत नाहीत. आणि अभ्यासात प्रशिक्षित दोघांनी मोजलेलं असेल आणि तुमच्याकडे दर महिन्याला इंटर्न बदलत असतील, तर अभ्यासातला आकडा तुमच्या विभागाला जसाच्या तसा लागू होत नाही.

पायरी ५: सप्रमाणता, म्हणजे प्रश्न कुणाच्या आयुष्याचे आहेत?

साधन जे मोजतो म्हणतं तेच मोजतं का, ही सप्रमाणता. कुठलंही स्केल सरसकट सप्रमाण नसतं. ते अमुक लोकांत, अमुक भाषेत, अमुक कामासाठी सप्रमाण ठरतं.

गुडघ्यासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक प्रश्नावली पाहा. तीत २४ प्रश्न: दुखण्याचे ५, ताठरपणाचे २, कामांचे १७. या १७ मध्ये मोजे घालणं, मोजे काढणं, बाथटबमध्ये शिरणं-निघणं, मोटारीत बसणं-उतरणं हे येतात. आता साताऱ्याजवळच्या गावातल्या ६२ वर्षांच्या बाई डोळ्यांपुढे आणा. मोजे त्या घालत नाहीत, टब त्यांच्या घरी नाही, मोटार असलीच तर शेजाऱ्यांकडे. त्यांचा गुडघा ओरडतो तो मांडी घालून बसताना, उकिडवं बसून भांडी घासताना, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना आणि एसटीची पहिली पायरी चढताना. उत्तर त्या देतीलच, कारण आपण विचारलं आहे. पण त्या आकड्यात त्यांचं दुखणं पुरतं उतरणार नाही.

१९९८ साली प्रसिद्ध झालेली कूस प्रश्नावली थोडी जवळ येते. तिच्या ४२ प्रश्नांत उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं येतं. मात्र ते खेळ व करमणुकीच्या विभागात आहेत, आणि वयस्कर रुग्णांसाठी तोच विभाग गाळण्याची आपल्याकडे सवय आहे. तो गाळू नका. आपल्याकडे उकिडवं बसणं हा खेळ नाही, रोजची गरज आहे.

ही फट भरायला मला सर्वांत आवडतं ते पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल. रुग्णालाच विचारायचं: ‘गुडघ्यामुळे कोणती तीन कामं अडली आहेत?’ प्रत्येक कामाला ० ते १० गुण. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखणं सुरू होण्याआधी जमत होतं तसं. खरा बदल मानायला सरासरीत २ गुणांचा, किंवा एकाच कामाचा विचार केला तर ३ गुणांचा फरक लागतो. दोन रुग्णांची तुलना यावरून करता येत नाही, कारण प्रत्येकाची कामं वेगळी. एकाच रुग्णाचा प्रवास पाहायला मात्र याच्याइतकं प्रामाणिक साधन क्वचितच मिळेल.

आता भाषेबद्दल. इंग्रजी कागद समोर धरून तिथल्या तिथे मराठीत विचारणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि तो थांबायला हवा. प्रत्येक जण वेगळे शब्द वापरतो. एका सोमवारी ‘त्रास होतो का’ विचारलं जातं, पुढच्या वेळी ‘जमतं का’, आणि ही दोन मोजमापं मग एकमेकांची राहत नाहीत. रीतसर रूपांतरात दोघे स्वतंत्र अनुवाद करतात, त्यांचा मेळ घातला जातो, मूळ न पाहिलेले लोक तो पुन्हा मूळ भाषेत आणतात, तज्ज्ञांची समिती फरक तपासते, ३० ते ४० लोकांवर आवृत्ती चाचपली जाते आणि नंतर विश्वसनीयता व सप्रमाणता नव्याने तपासली जाते. कंबरदुखीच्या ऑस्वेस्ट्री निर्देशांकाच्या मराठी आवृत्तीचा असा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. तुम्हाला हव्या त्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती आहे का, ते आधी मूळ हक्कदारांच्या संकेतस्थळावर आणि पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत शोधा. ‘मराठी अनुवाद उपलब्ध’ आणि ‘मराठीत तपासलेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायरी ६: बदल टिपतं का, आणि किती बदल पुरेसा?

पहिल्याच दिवशी १५ टक्क्यांहून जास्त रुग्ण सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या गुणांवर अडकत असतील, तर साधन त्या गटासाठी तोकडं आहे असं मानतात. धावणाऱ्या तरुणाला वोमॅक दिली की हेच होतं.

त्यापुढचा प्रश्न रुग्णाच्या बाजूने विचारायचा: किती फरक पडला तर त्याला तो जाणवेल? याला एमसीआयडी म्हणतात. जुनाट दुखण्यात ० ते १० च्या वेदनामापकावर सुमारे २ गुण किंवा ३० टक्के घट, ऑस्वेस्ट्रीवर सुमारे १० गुण, कूससाठी ८ ते १० गुण असे आकडे प्रचलित आहेत. एमसीआयडी हा एमडीसीपेक्षा लहान असेल तर सावध व्हा. वरच्या काल्पनिक प्रश्नावलीत १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवेलही, पण साधनाला तो चुकीपासून वेगळा ओळखता येणार नाही.

उसना आकडा घेताना तो कुठून आणला ते लिहा. खुर्चीतल्या उठ-बसीसाठी सर्रास सांगितला जाणारा २ ते ३ वेळांचा फरक खुब्याच्या झिजेच्या रुग्णांमधून आलेला आहे. गुडघ्यासाठी तो अंदाज म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

पायरी ७: ओपीडीत बसतं का?

इथे थोडक्यात. वोमॅकला परवाना लागतो, कूस मोफत आहे. ४२ प्रश्न गर्दीच्या सकाळी होणार नाहीत, म्हणून ते पहिल्या आणि शेवटच्या भेटीला ठेवा. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतील. ते काम उपचार न करणाऱ्या सहकाऱ्याने करावं आणि दर वेळी तसंच व्हावं. गुणांची दिशा कागदावर ठळक लिहून ठेवा: कूसमध्ये १०० म्हणजे उत्तम, ऑस्वेस्ट्रीत १०० म्हणजे सर्वांत वाईट. एकाच फाइलमध्ये दोन्ही असले की घोटाळा ठरलेला.

उत्तरं सुटली तर काय करायचं, तेही आधी ठरवा. ऑस्वेस्ट्रीतला लैंगिक जीवनाचा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ जण सोडतात. जबरदस्ती नको. दहापैकी नऊच उत्तरं असतील तर एकूण गुणांना ५० ऐवजी ४५ ने भागून टक्केवारी काढतात.

पायरी ८: शब्द आणि जागा पक्की करा

विश्वसनीयतेचा मोठा भाग इथे कमावता किंवा गमावता येतो. विभागात एकच पान लॅमिनेट करून भिंतीवर लावा.

खुर्चीची चाचणी: हातांची नसलेली, बसण्याची उंची ४३ सेंटिमीटर असलेली खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची वाकते आणि घसरते, लाकडी किंवा लोखंडी घ्या. तिच्यावर खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी तीच वापरली जाईल. सूचना शब्दशः एकच: ‘हात छातीवर घडी करून धरा. सुरू म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पुन्हा पूर्ण बसायचं. तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा करा. दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.’ वेळ संपताना अर्ध्याहून अधिक उठलेल्या असतील तर ती उठ-बस मोजायची. हातांचा आधार घेतला तर मूळ पद्धतीत गुण शून्य. आधार घेऊन केलेल्या उठ-बसी वेगळ्या लिहा, दोन्ही मिसळू नका. मध्येच ‘शाबास, अजून जोरात’ म्हणायचं नाही. पायांत चप्पल होती का आणि साडी होती की सलवार, तेही नोंदवा. पुढच्या वेळी शक्यतो तसंच असू द्या.

वेदनेचा प्रश्न: ‘गेल्या चोवीस तासांत सपाट जागेवर चालताना गुडघा जास्तीत जास्त किती दुखला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात जास्त.’ रुग्णाने आण्यांत उत्तर दिलं तर त्याचं दहात रूपांतर करू नका, प्रश्न पुन्हा समजावा. आकडे जुळतच नसतील तर ‘नाही, थोडं, मध्यम, खूप, असह्य’ असे शब्द द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. १०० मिलिमीटरची रेघ वापरत असाल तर झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये रेघेची लांबी बदलते. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान पट्टीने मोजून पाहा.

पायरी ९: कधी मोजायचं आणि आकड्याचं काय करायचं

माणूस दुखणं शिगेला पोहोचल्यावर दवाखान्यात येतो. तिथून ते थोडं आपोआपच उतरतं, आणि त्याचं श्रेय आपण उपचारांना देतो. म्हणून शक्य असेल तिथे पहिलं मोजमाप दोनदा घ्या, पहिल्या भेटीला आणि दोन-तीन दिवसांनी व्यायाम सुरू करताना. पुढचं मोजमाप उपचारांच्या आधी घ्यायचं. शेक घेऊन उठलेल्या रुग्णाला वेदना विचारली तर उत्तर शेकाचं येतं. ताकदीच्या व्यायामांना परिणाम दाखवायला सहा आठवडे तरी द्या.

गुडघ्याच्या झिजेसाठी मी सुचवेन तो संच छोटा आहे: चालतानाची वेदना, ३० सेकंदांची उठ-बस आणि रुग्णाने निवडलेली तीन कामं. सवय झाल्यावर तिन्हींना मिळून दहा मिनिटांहून जास्त लागत नाहीत. वेळ असेल तिथे पहिल्या आणि शेवटच्या भेटीला कूस.

फाइलमधली नोंद कशी दिसावी, त्याचा हा नमुना:

‘सहा आठवडे. चालताना वेदना ७ वरून ४. उठ-बस ८ वरून ११, हातांचा आधार नाही, तीच खुर्ची. रुग्णाने निवडलेली कामं: जमिनीवरून उठणे २ वरून ५, एसटीत चढणे ३ वरून ६, देवळाच्या पायऱ्या उतरणे ४ वरून ६, सरासरी ३.० वरून ५.७.’

आता वाचा. वेदनेतली ३ गुणांची घट जाणवण्याइतकी आहे. कामांची सरासरी २.७ ने वाढली, म्हणजे चुकीच्या पलीकडे. पहिल्या दोन कामांतला प्रत्येकी ३ गुणांचा फरक एकेकटाही खरा मानता येतो. उठ-बसीतली वाढ त्याच दिशेची आहे. पायऱ्या उतरण्यातला २ गुणांचा फरक मात्र एकट्या कामासाठी लागणाऱ्या ३ च्या खाली आहे, तिथे सुधारणा झाली असं अजून लिहिता येणार नाही. तेव्हा पुढच्या टप्प्यात मशीनवरच्या उपचारांचा वेळ कमी करून पायरी उतरण्याच्या नियंत्रित व्यायामाला द्यायचा, सुरुवात १० सेंटिमीटरच्या पाटापासून, आणि चार ते सहा आठवड्यांनी हीच तीन मोजमापं पुन्हा घ्यायची. अस्थिरोगतज्ज्ञांना पत्र पाठवताना ‘पुष्कळ आराम’ असं न लिहिता हेच आकडे आणि पायऱ्यांची अडचण, दोन्ही लिहायचं.